एम८२ चे चार आकडे : दीर्घिकेचा तारानिर्मिती दर मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

शकटरोहिणी

एम८२ म्हणजे सप्तर्षींच्या बाजूची ती सिगारसारखी दीर्घिका. अंतर साधारण ३५ लाख पार्सेक. तिचा तारानिर्मिती दर काढायचा म्हणून छापून आलेले फ्लक्स (म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाची मापं) घेतले आणि केनिकट-इव्हान्स यांच्या २०१२ च्या आढाव्यातली सूत्रं लावली. निघालं ते असं :

अवरक्त : वर्षाला सुमारे ८ सौर वस्तुमानं
रेडिओ (१.४ गिगाहर्ट्झ) : सुमारे ७
एच-अल्फा, धुळीची दुरुस्ती न करता : एकाच्याही आत
दूर-अतिनील, दुरुस्ती न करता : एच-अल्फाच्याही बरंच खाली

दीर्घिका एक, अंतर एक, सूत्रं एकाच तक्त्यातली. मग दहापट आणि त्याहून जास्त फरक कसा? यातला खरा आकडा कुठला मानायचा? आणि "दर मोजला" म्हणतात तेव्हा हातात नक्की काय आलेलं असतं?

धूळपाटी

चारही आकडे बरोबर असू शकतात. प्रश्न मात्र चारांचे चार आहेत.

तारे जन्मताना मोजायला कोणी बसलेलं नसतं. आपल्याला दिसतो तो नुकत्याच जन्मलेल्या भारी ताऱ्यांचा उजेड, किंवा त्या उजेडानं दुसऱ्या कशावर तरी केलेला परिणाम. त्यावरून बाकीचे हलके तारे किती असतील याचा हिशोब लावायचा. शितावरून भाताची परीक्षा, तीही पातेल्यातलं सगळ्यात फुगलेलं शीत उचलून.

एच-अल्फा : साधारण १५ सूर्यांहून भारी ताऱ्यांचे फोटॉन हायड्रोजनचे अणू फोडतात. इलेक्ट्रॉन परत प्रोटॉनला मिळतो तेव्हा ६५६३ अँगस्ट्रॉमची रेषा उमटते. अणू फोडणाऱ्या दर शंभर फोटॉनांमागे सुमारे ४५ एच-अल्फा फोटॉन. हे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात, म्हणून हा "आत्ताचा" दर.

अतिनील : यात पाच-दहा सूर्यांचे तारेही येतात. म्हणून ही सरासरी जवळपास १० कोटी वर्षांची.

अवरक्त : धुळीनं गिळलेलं अतिनील, उष्णता होऊन बाहेर पडलेलं.

रेडिओ : भारी ताऱ्यांचे स्फोट झाले, त्यांनी इलेक्ट्रॉन हाकलले, ते चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताहेत. म्हणजे चौथ्या हाताची बातमी.

एम८२ आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते आणि मध्यभाग धुळीत बुडालेला आहे. तिथलं अतिनील बाहेर येतच नाही. तुमचा चौथा आकडा म्हणजे "धुळीतून किती निसटलं" याचं उत्तर आहे, तारे किती झाले याचं नव्हे.

गोम

वर्षाला फक्त आठ तारे? आमच्या गल्लीत याहून जास्त इमारती उठतात. :)

धूळपाटी

@गोम, आठ तारे नाहीत, आठ सूर्यांइतकं वस्तुमान. बहुतेक तारे सूर्यापेक्षा हलके असतात, त्यामुळे संख्या बारा-पंधराच्या घरात जाते. इमारतींची तक्रार तरीही ग्राह्य.

खरडवही

अवरक्ताचा ८ कसा आला ते कागदावर मांडतो, म्हणजे वाटेत काय काय गृहीत धरलंय ते दिसेल.

१९८३ च्या आयरास उपग्रहाचे एम८२ चे फ्लक्स : १२ मायक्रॉनला ७९ जान्स्की (दर हर्ट्झमागच्या फ्लक्सचं एकक), २५ ला ३३३, ६० ला १४८०, १०० ला १३७४.

८ ते १००० मायक्रॉनमधला एकूण फ्लक्स (वॉट प्रति चौ. मीटर) = १.८ × १०⁻¹⁴ × (१३.४८ × फ१२ + ५.१६ × फ२५ + २.५८ × फ६० + फ१००)

कंसातली बेरीज ७९८० च्या आसपास. फ्लक्स १.४४ × १०⁻¹⁰ वॉट प्रति चौ. मीटर, म्हणजे १.४४ × १०⁻⁷ अर्ग प्रति सेकंद प्रति चौ. सेंमी. ३५ लाख पार्सेकला ४π × अंतर² = १.४७ × १०⁵¹ चौ. सेंमी. गुणाकार २.१ × १०⁴⁴ अर्ग प्रति सेकंद, म्हणजे सूर्याच्या ५.५ × १०¹⁰ पट. लॉग ४४.३२. त्यातून ४३.४१ (२०१२ च्या तक्त्यातला अवरक्ताचा स्थिरांक) वजा केले की ०.९१, आणि उलट लॉग ८.१.

आता बारकावे. वरचं सूत्र ८ ते १००० मायक्रॉनचं आहे, २०१२ च्या तक्त्यातला ४३.४१ हा ३ ते ११०० मायक्रॉनसाठी. एम८२ सारख्या गरम धुळीच्या दीर्घिकेत हा फरक किरकोळ, पण तो आहे हे माहीत असू द्या. बेरजेतला निम्मा भाग एकट्या ६० मायक्रॉनचा, तेव्हा तो फ्लक्स चुकला की सगळंच चुकलं. आणि अंतराचा वर्ग : अंतर १० टक्क्यांनी जास्त धरलंत तर दर २१ टक्क्यांनी फुगतो. जवळच्या दीर्घिकांत बाकी सगळं काटेकोर करून अंतर मात्र जुन्या यादीतून उचललेलं, असं फार दिसतं.

मृगशीर्ष

म्हणजे अवरक्तच खरा आणि बाकीचे टाकाऊ? मग लोक एच-अल्फाच्या मागे का लागतात?

धूळपाटी

नाही हो. अवरक्ताची स्वतःची खोड आहे. धूळ तापवायला तरुण ताराच लागतो असं नाही, म्हाताऱ्या ताऱ्यांच्या उजेडानंही ती कोमट होते. एम८२ सारख्या धुमसत्या, म्हणजे झपाट्यानं तारे घडवणाऱ्या, दीर्घिकेत तो वाटा नगण्य. पण शांत, लालसर, थोड्याच वायूच्या सर्पिल दीर्घिकेत हाच ४३.४१ लावलात तर म्हाताऱ्यांची ऊब तुम्ही बाळंतपणाच्या खात्यात टाकता. उलट धूळच नसलेल्या बटू दीर्घिकेत गिळायलाच कोणी नाही, त्यामुळे अवरक्त दर शून्याकडे जातो आणि अतिनील एकदम खरं बोलतं.

म्हणून हल्ली दोन्हीची बेरीज करतात, निसटलेलं अधिक गिळलेलं. दूर-अतिनीलासाठी : दुरुस्त तेजस्विता = दिसलेली अतिनील + ०.४६ × एकूण अवरक्त. एच-अल्फासाठी : दिसलेली एच-अल्फा + ०.०२० × २४ किंवा २५ मायक्रॉनची तेजस्विता (वारंवारतेनं गुणलेली).

खरडवही

तेही करून टाकू. २५ मायक्रॉन म्हणजे १.२ × १०¹³ हर्ट्झ. गुणिले ३३३ जान्स्की, गुणिले १.४७ × १०⁵¹ : ५.९ × १०⁴³ अर्ग प्रति सेकंद. त्याचे दोन टक्के १.२ × १०⁴², लॉग ४२.०७. वजा ४१.२७ (एच-अल्फाचा स्थिरांक) = ०.८०, म्हणजे वर्षाला ६.३. वर दिसलेल्या एच-अल्फाचा एकाच्या आतला भाग. बेरीज साताच्या आसपास.

थोडक्यात अवरक्त ८, रेडिओ ७, एच-अल्फा अधिक २५ मायक्रॉन ७. प्रत्येक सूत्राचा विखुरपणा दीड ते दोनपट असतो, तेव्हा ७ आणि ८ यात भांडण लावू नका. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीचा २४ मायक्रॉनचा फ्लक्स मात्र एम८२ साठी घेऊ नका. गाभा एवढा झगझगीत की संवेदक संपृक्त झाला. इथे म्हातारा आयरासच कामाचा.

अरुंदपट्टी

एच-अल्फाची बदनामी चालू आहे म्हणून लिहितो. धूळ हा एक भाग झाला. मुळात फ्लक्सच नीट काढलेला नसतो. अरुंद फिल्टरनं घेतलेल्या प्रतिमेत रेषेचा उजेड आणि ताऱ्यांचा अखंड उजेड दोन्ही असतात. दुसरा वजा करताना चुका होतात, त्या अशा :

१. जुळवणी. आर-पट्ट्यातली (रुंद लाल फिल्टरची) प्रतिमा आणि अरुंद पट्ट्यातली प्रतिमा यांत ताऱ्यांच्या ठिपक्यांची रुंदी सारखी करून घ्या. धारदार प्रतिमा धूसर करायची, उलट नाही. हे न करता वजाबाकी केली की प्रत्येक ताऱ्याभोवती पांढरं-काळं कडं उमटतं. दीर्घिकेच्या गाभ्याभोवतीही तेच होतं आणि त्याला लोक "तारानिर्मितीचं कडं" म्हणतात.

२. गुणक. क्षेत्रातल्या दहा-वीस असंपृक्त ताऱ्यांचे दोन्ही प्रतिमांतले फ्लक्स घेऊन गुणोत्तर काढतात. पण हे आपल्याच आकाशगंगेतले तारे, त्यांचा रंग दीर्घिकेच्या रंगाशी जुळेलच असं नाही. गुणकात ३ टक्के चूक धरा. ७५ अँगस्ट्रॉमचा फिल्टर आणि रेषेची समतुल्य रुंदी (रेषेइतका उजेड भरायला अखंड उजेडाचा जेवढा रुंद पट्टा लागेल ती) २० अँगस्ट्रॉम असेल तर अखंड उजेड ७५ भाग, रेषा २० भाग. ७५ चे ३ टक्के म्हणजे सव्वादोन भाग, रेषेच्या फ्लक्समध्ये ११ टक्के चूक. मध्यफुगवट्यात समतुल्य रुंदी ५ असेल तर तीच चूक ४५ टक्के. म्हणून फुगवट्यातला एच-अल्फा नकाशा बघताना हात राखून.

३. आर-पट्ट्यात रेषाही असतेच. पट्टा १५०० अँगस्ट्रॉमचा असेल तर ७५/१५००, म्हणजे रेषेचा ५ टक्के भाग तुम्ही स्वतःच वजा करून बसता. तो परत मिळवायचा.

४. नायट्रोजन. एच-अल्फाच्या दोन्ही अंगांना ६५४८ आणि ६५८४ वर आयनित नायट्रोजनच्या रेषा आहेत, फिल्टरमध्ये तिन्ही येतात. ६५४८ ची रेषा ६५८४ च्या एक तृतीयांश. ६५८४ चं एच-अल्फाशी गुणोत्तर ०.३ असेल तर दोन्ही मिळून ०.४. काढायचं विसरलात की दर ४० टक्के जास्त.

५. फिल्टरच्या कडा. दीर्घिका १००० किमी प्रति सेकंदानं दूर जात असेल तर रेषा २२ अँगस्ट्रॉम सरकते.

दुर्बीणवाला

@अरुंदपट्टी, पाचव्या मुद्द्यावर भर. हौशी लोकांकडे ३ नॅनोमीटरचे एच-अल्फा फिल्टर असतात, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे १५ अँगस्ट्रॉम. ७०० किमी प्रति सेकंदाच्या पुढची दीर्घिका त्यातून सरळ निसटते. कन्या गुच्छातल्या बहुतेक दीर्घिका गेल्याच. त्यात एफ/२ सारखी वेगवान दुर्बीण असेल तर किरण तिरके पडून फिल्टरचा पट्टाच निळ्याकडे सरकतो, आणि दीर्घिकेची रेषा तर सरकलीय लाल बाजूला. दोघांची चुकामूक पक्की. एम८२ चा वेग २०० च्या आसपास, सरक ४-५ अँगस्ट्रॉम, ती चालते. वर ३ नॅनोमीटरच्या फिल्टरमध्ये ६५८४ बऱ्यापैकी बाहेर राहते हा बोनस.

गोम

नायट्रोजन काढा, धूळ झाडा, पार्श्वभूमी वजा करा. तारे मोजताय की तांदूळ निवडताय?

मृगशीर्ष

वर्णपट असेल तर एच-अल्फा आणि एच-बीटाच्या गुणोत्तरावरून धूळ काढता येते ना? मग २५ मायक्रॉनचा आधार कशाला?

वर्णपटू

येते. धुळीविना १०,००० केल्विनच्या वायूत हे गुणोत्तर २.८६ असतं. धूळ निळा उजेड जास्त खाते, त्यामुळे एच-बीटा (४८६१) आधी मरते आणि गुणोत्तर वाढतं.

४.० मोजलं समजा. ४/२.८६ = १.४, लॉग ०.१४६. कार्डेली वक्र (धूळ कुठल्या रंगाचा उजेड किती खाते ते सांगणारा) वापरल्यास २.३१ नं गुणून रंगाधिक्य, म्हणजे धुळीनं उजेड किती लाल केला त्याचं माप, ०.३४. ते २.५३ नं गुणलं की एच-अल्फाची घट ०.८५ प्रत (तेज मोजायचं लॉगवरचं माप), म्हणजे फ्लक्स २.२ पट करायचा. कॅल्झेटी वक्रानं तेच २.४ पट येतं. कुठला वक्र घेतला ते लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला दहा टक्क्यांचं कोडं घालता. आणि कॅल्झेटींचा तो ०.४४ विसरू नका : ताऱ्यांच्या अखंड उजेडाचं रंगाधिक्य हे वायूच्या रंगाधिक्याच्या ०.४४ पट. एच-अल्फावरून काढलेली धूळ जशीच्या तशी अतिनीलाला लावली तर अतिनील दर आभाळाला भिडतो.

खरा सापळा पुढे आहे. दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वर्णपटात, विशेषतः ए वर्गाच्या, एच-बीटा शोषणरेषा असते, आणि आपली उत्सर्जनरेषा त्या खड्ड्यात उभी असते. एच-बीटाची खरी समतुल्य रुंदी ६ अँगस्ट्रॉम आणि खड्डा २ अँगस्ट्रॉमचा असेल तर थेट मोजणीत ४ येतात. गुणोत्तर दीडपट फुगतं. एच-अल्फा इतकी ताकदवान असते की तिला तेवढाच खड्डा फारसा जाणवत नाही. परिणाम : मुळात धूळ नसलेल्या दीर्घिकेतही एक प्रत धूळ निघते आणि दर २.६ पट होतो. उपाय एकच. आधी ताऱ्यांच्या वर्णपटांचं प्रारूप बसवून वजा करा, रेषा मग मोजा. रेषेच्या दोन्ही बाजूंना सरळ रेघ मारून मोजू नका.

आणि एम८२ साठी ही युक्ती तशीही अपुरी आहे. गुणोत्तर वापरताना धूळ पडद्यासारखी समोर टांगलेली आहे असं धरतो. तिथे ती ताऱ्यांत कालवलेली आहे. खोलवरच्या भागातून ना एच-अल्फा येते ना एच-बीटा. जे येतं ते वरच्या थराचं, त्याचं गुणोत्तर एका मर्यादेपुढे वाढतच नाही. "मध्यम धूळ" असं उत्तर येतं आणि आपण खूश. त्यासाठी लांब लहरींकडे जायचं, पाश्चेन-अल्फा (१.८७६ मायक्रॉन) किंवा ब्रॅकेट रेषा. शिवाय एम८२ च्या वर-खाली जे लाल तंतू दिसतात ते एच-अल्फातच आहेत, पण तो वायू दीर्घिकेतून बाहेर उधळलेला. त्यातला काही उजेड धक्कालहरींचा, काही धुळीवरून परावर्तित. तिथे तारे जन्मत नाहीयेत.

शकटरोहिणी

हे फारच उपयोगी. म्हणजे माझा एच-अल्फा एकाच वेळी कमीही आहे (धूळ) आणि जास्तही (बाहेर उधळलेला वायू)!

धूळपाटी

बरोब्बर. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा जास्त धोका.

खोडदकर

रेडिओबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून.

१.४ गिगाहर्ट्झला एम८२ साधारण साडेसात जान्स्की आहे. गुणिले १.४७ × १०⁵¹ केलं की १.१ × १०²⁹ अर्ग प्रति सेकंद प्रति हर्ट्झ, लॉग २९.०४, वजा २८.२० (रेडिओचा स्थिरांक), उत्तर ७. रेडिओला धूळ दिसतच नाही हा मोठा फायदा. पण :

या वारंवारतेला साधारण दहावा भागच तप्त वायूचा थेट असतो, बाकी सगळा सिंक्रोट्रॉन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा. तो ताऱ्यांच्या संख्येशी का जुळतो याला भौतिकीपेक्षा अनुभवाचा आधार जास्त आहे. अवरक्ताशी त्याचं नातं घट्ट आहे म्हणून चालतं. एम८२ चा ७ त्यामुळे अवरक्तापासून पूर्ण स्वतंत्र साक्षीदार नाही, सूत्रच त्या नात्यावर बसवलेलं आहे.

खालच्या वारंवारतेला जाऊन आणखी सोपं होईल असं वाटतं, पण एम८२ च्या गाभ्यात आयनित वायू इतका दाट आहे की काहीशे मेगाहर्ट्झच्या खाली तोच रेडिओ शोषतो. तिथला फ्लक्स घेऊन -०.८ चा उतार धरून १.४ ला आणलात तर उत्तर कमी येणार.

दुर्बीणही फसवते. व्यतिकरणमापीला (अनेक अँटेना जोडून केलेल्या दुर्बिणीला) पसरट उजेड दिसत नाही, सगळ्यात जवळच्या दोन अँटेना जेवढ्या लांब तेवढी त्याची मर्यादा. खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीला १४२० मेगाहर्ट्झवर ७ कलांहून (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोठी रचना हरवते. एम८२ चा रेडिओ गाभा एका कलेच्या आसपास, तो सुखरूप. एम१०१ सारख्या विस्तृत दीर्घिकेचा एकूण दर मात्र त्यावरून काढू नका.

आणि गाभ्यात भुकेलं कृष्णविवर असेल तर एक जेट सगळा हिशोब उधळतो.

मृगशीर्ष

@खोडदकर, जीएमआरटीवरून खूप दूरच्या दीर्घिकांचा हायड्रोजन मोजला होता, त्यात दराचा काय संबंध?

खोडदकर

२०२० साली चौधुरी, काणेकर, चेंगलूर आणि सहकाऱ्यांचं काम. ०.७४ ते १.४५ रेडशिफ्टमधल्या (रेडशिफ्ट म्हणजे उजेड लाल बाजूला किती सरकला त्याचं माप, जितकं जास्त तितकी दीर्घिका दूर) ७,६५३ तारे घडवणाऱ्या दीर्घिका घेतल्या. एकेकीचा हायड्रोजनचा २१ सेंमीचा संदेश गोंगाटात बुडालेला, पण सगळ्यांचे वर्णपट एकावर एक रचले की सरासरी डोकं वर काढते. मेख अशी की त्याच निरीक्षणांतला अखंड रेडिओ उजेडही तसाच रचता येतो आणि त्यातून सरासरी तारानिर्मिती दर निघतो. वायू आणि दर एकाच दुर्बिणीतून, एकाच नमुन्याचे. भागाकार केला की निघालं, बाहेरून भर पडली नाही तर हा हायड्रोजन एक-दोन अब्ज वर्षांत संपेल. दर काढायचा तो यासाठी. नुसता "वर्षाला आठ" हा आकडा कोणाच्या काय कामाचा? शिल्लक किती आणि खर्च किती, दोन्ही हवेत.

गोम

महिन्याच्या २५ तारखेला हे वाचायला नको होतं.

सांख्यिकी

अजून कोणी आयएमएफचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. (कर्ज देणारी नव्हे. ताऱ्यांचं आरंभिक वस्तुमान वितरण, म्हणजे हलके किती नि भारी किती जन्मतात ते.)

धूळपाटींचं शीत इथे लागू. भारी तारे मोजून हलक्यांचा अंदाज आयएमएफवरून. १९५५ चं साल्पीटर वितरण एका सरळ उतारानं खालपर्यंत जातं, त्यामुळे हलके तारे भरमसाट. क्रूपा (२००१) आणि शाब्रिये (२००३) खाली वाकतात. भारी तारे तेवढेच, एकूण वस्तुमान कमी. साल्पीटरचा दर क्रूपात आणायला सुमारे ०.६७ नं गुणा, शाब्रियेत आणायला ०.६३ नं.

केनिकट यांच्या १९९८ च्या लेखातला एच-अल्फा गुणक ७.९ × १०⁻⁴² हा साल्पीटरसाठी. २०१२ चा ४१.२७ (म्हणजे ५.४ × १०⁻⁴²) क्रूपासाठी. दोन्ही आजही सर्रास वापरात आहेत. एका यादीतला दर १९९८ चा, दुसऱ्या यादीतलं ताऱ्यांचं वस्तुमान शाब्रियेचं, आणि दोघांचा भागाकार करून "ही दीर्घिका नेहमीपेक्षा दीडपट जोमात आहे" असा निष्कर्ष. तो जोम आयएमएफचा असतो.

धूळपाटी

पूर्ण सहमत. एक जोड : आयएमएफ ही सरासरी आहे, आणि सरासरीला माणसं, म्हणजे तारे, पुरेसे हवेत. दर वर्षाला ०.०१ सौर वस्तुमानाच्या खाली गेला की बटू दीर्घिकेत एखाद्या क्षणी ३०-४० सूर्यांचा तारा असतो किंवा नसतो. नसला की एच-अल्फा जवळजवळ विझते, तारे मात्र जन्मतच असतात. अशा ठिकाणी अतिनील घ्या.

वर्णपटू

@धूळपाटी, इथे थोडी असहमती. एच-अल्फा आणि अतिनील जुळले नाहीत की लगेच "तारेच कमी होते" म्हणायचं, तर "दर खाली-वर होतो" हीही तेवढीच शक्यता आहे. जोर ओसरला की एच-अल्फा काही दशलक्ष वर्षांत पडते, अतिनील मागून रेंगाळतं. एम८२ मध्येच गाभ्यात सुमारे १ कोटी आणि ५० लाख वर्षांपूर्वी असे दोन भर येऊन गेल्याचं अवरक्त वर्णपटांवरून काढलेलं आहे. सूत्रं मात्र दर १० कोटी वर्षं स्थिर धरतात. अशा दीर्घिकेला "वर्षाला ८" हा एकच आकडा लावणं हीच सवलत आहे.

तिसरीही शक्यता : फोटॉन निसटतात. सगळ्यांनी हायड्रोजन फोडलाच पाहिजे असं नाही, काही दीर्घिकेबाहेर जातात आणि तेवढी एच-अल्फा कमी होते. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीनं १.४२ रेडशिफ्टच्या एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून अशी गळती पकडली. पुण्याच्या आयुकातल्या कनक साहा यांच्या नेतृत्वाखालचं २०२० चं काम.

धूळपाटी

मान्य. "नेहमीच" असं म्हणायचं नव्हतं. एकट्या बटू दीर्घिकेत तिन्ही कारणं वेगळी काढता येत नाहीत, दोन-चारशे घेऊन वितरण बघावं लागतं.

दुर्बीणवाला

अवांतर : अतिनोवे मोजून दर काढता येत नाही का? स्फोट तर सरळ मोजता येतात.

सांख्यिकी

येतो. भारी ताऱ्यांचा अतिनोवा साधारण दर १०० सौर वस्तुमानांमागे एक. वर्षाला ८ असेल तर दर बारा वर्षांनी एक स्फोट. पण एम८२ मध्येच दोन विनोद आहेत. जानेवारी २०१४ मधला प्रसिद्ध एसएन २०१४जे हौशींच्या दुर्बिणीतूनही दिसला, पण तो श्वेत बटूचा, आयए प्रकारचा. आत्ताच्या दराच्या हिशोबात धरायचाच नाही. आणि एसएन २००८आयझेड हा खरा भारी ताऱ्याचा स्फोट, तो दृश्य प्रकाशात कोणालाच दिसला नाही, रेडिओतच सापडला. धूळ. म्हणजे जो दिसला तो चालत नाही, जो चालतो तो दिसला नाही.

गोम

सरकारी कागदपत्रांसारखं.

मृगशीर्ष

आपल्या आकाशगंगेचा दर किती मग? ती तर सगळ्यात जवळची.

खरडवही

जवळची म्हणूनच अवघड. आपण तबकडीच्या आत बसलोय, धूळ सगळीकडे, अंतरं कच्ची. वेगवेगळ्या पद्धतींचे निकाल एकत्र घासून लिक्विया आणि न्यूमन यांनी २०१५ मध्ये १.६५ ± ०.१९ दिला. दोनाच्या आसपास म्हणा. एम८२ चं वस्तुमान आकाशगंगेच्या मानानं फुटकळ आणि दर चौपट, तोही बहुतेक मधल्या छोट्या भागात. यावरून कळतं तिला धुमसती का म्हणतात.

अरुंदपट्टी

धागा दूर चाललाय म्हणून @शकटरोहिणी यांना मूळ प्रश्नाकडे नेतो. तुमच्या "एकाच्याही आत" या आकड्यातला फ्लक्स कुठल्या रकान्यातून घेतला? जवळच्या दीर्घिकांच्या बहुतेक एच-अल्फा याद्यांत फ्लक्सच्या रकान्यात नायट्रोजन मिसळलेलाच असतो. तळटिपेत लिहितात.

शकटरोहिणी

पाहिलं. तळटीप आहे. नायट्रोजनसकट आहे.

अरुंदपट्टी

एम८२ च्या गाभ्यात ६५८४ ही एच-अल्फाच्या साधारण निम्मी. ६५४८ धरून ०.६७. १.६७ नं भागा.

शकटरोहिणी

म्हणजे आणखी खाली.

धूळपाटी

आणखी खाली. २५ मायक्रॉनच्या बेरजेत फरक पडेल तो शेवटच्या अंकात, सात तसाच राहील.